कलेजीची मूस आणि ताजी फळे



'मूस' हा शब्द कानी पडताच आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सोनाराची शेगडी उभी राहील. संस्कृतातील 'मूषा' या शब्दापासून आलेली आपली मूस म्हणजे सोने-रुपे आटविण्याचे मातीचे भांडे. मी शाळेत मराठी शिकवितो, त्यामुळे विषयाला हात घालण्यापूर्वी शब्दाचे कूळ सांगितल्याविना मला राहवत नाही. आज ज्या खाद्यपदार्थाविषयी मी बोलणार आहे, त्याचे नाव या मुशीशी उच्चाराने तेवढे जुळते. नात्याने मुळीच नाही. फ्रेंच भाषेत मूस म्हणजे फेस. लाटेच्या माथ्यावरचा फेस, साबणाचा फेस, तोच शब्द. गंमत अशी, की फ्रेंचमध्येही तो स्त्रीलिंगी आहे आणि हा पदार्थही पुष्कळदा साच्यात घालून आकारास आणतात. तेव्हा मी 'ती मूस' असेच म्हणेन. मराठी कानास ते खटकू नये.

मूस म्हटली की चॉकलेटची गोड मूस आठविणारे श्रोते आज अनेक असतील. हॉटेलांनी आणि लग्नांच्या मेजवान्यांनी ती आपल्याकडे परिचित केली आहे. परंतु फ्रेंच पाकशाळेत तिखटामिठाच्या मुशीचा मान गोड मुशीहून उणा नव्हता. कोंबडी, हॅम, शिकारीचे पक्षी, मासे, कलेजी अशा नाना वस्तूंच्या मुशी तेथे होत आल्या. ओगूस्त एस्कॉफिए या थोर बल्लवाचार्याचा पाकशास्त्रावरील ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्यात गरम आणि थंड अशा दोन्ही मुशींना स्वतंत्र स्थान आहे. त्या काळी मांस दगडी खलात कुटावयाचे आणि मग बारीक चाळणीतून हाताने घासून गाळावयाचे, असा तो कष्टाचा मामला होता. अर्थात ज्याच्या पदरी उमेदवारी करणारी चार पोरे असत त्याच्याच घरी मूस होई. १९७० नंतरच्या दशकात विजेवर चालणारी वाटणयंत्रे घरोघर आली, आणि ही राजेशाही वस्तू सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात उतरली. कलेजीची मूस अमेरिकन घरांत पोहोचविण्याचे श्रेय मात्र त्याआधीच्या एका ग्रंथाकडेही जाते. जुलिया चाइल्ड आणि तिच्या दोन फ्रेंच सहकारिणींनी लिहिलेल्या, १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथात कोंबडीच्या कलेजीची मूस आहे, आणि ती कोणासही जमावी इतकी सोपी करून सांगितलेली आहे.

आता कलेजी आणि फळ यांची जोडी. आपणांस ती विक्षिप्त वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ती इतकी पुरातन आहे, की युरोपातील अर्ध्या भाषांनी ती आपल्या शब्दांत जपून ठेविली आहे. प्राचीन ग्रीक लोक जनावरांना अंजीर चारून त्यांचे यकृत पोसावयाचे. अशा यकृताला ते 'अंजिरी यकृत' म्हणत. रोमनांनी ती रीत उचलली आणि शब्दाचे लॅटिन भाषांतर केले : 'फिकाटुम', म्हणजे अंजिरावर वाढलेले. पहिल्या शतकातील प्लिनी सांगतो, की डुकरिणीचे यकृत या रीतीने पोसण्याची युक्ती आपिकियस नावाच्या प्रसिद्ध खवय्याने काढली. सुक्या अंजिरांवर तिला पोसावयाचे आणि मग मधमिश्रित मद्य पाजावयाचे. पुढे घडले ते असे, की यकृताचा मूळ लॅटिन शब्द मागे पडला आणि हे अंजिराचे विशेषणच यकृताचे नाव होऊन बसले. इटालियन 'फेगातो', स्पॅनिश 'ईगादो', फ्रेंच 'फ्वा' आणि गोव्यात साडेचारशे वर्षे ऐकू आलेल्या पोर्तुगीज भाषेतील 'फीगादु' हे सारे त्या अंजिराचे वंशज होत. आजच्या ग्रीक भाषेतही यकृताला 'सिकोटी' म्हणतात आणि अंजिराला 'सीको'. तेव्हा कलेजीच्या मुशीशेजारी अंजिराची फोड ठेवणारा माणूस काही नवीन करीत नाही; शब्द ज्या वाटेने आला त्या वाटेने तो परत जातो, इतकेच.

येथे एक खुलासा केला पाहिजे. हंसांना किंवा बदकांना नळीने बळेच धान्य भरवून त्यांचे यकृत सुजविण्याचा जो प्रकार फ्रान्समध्ये आजही चालतो, त्याच्याशी आपल्या पदार्थाचा संबंध नाही. त्या यकृताची आयात भारत सरकारने २०१४ साली बंद केली, आणि माझ्या मते ते योग्यच झाले. आपण जी वापरणार ती साध्या कोंबडीची कलेजी. खाटकाकडे ती मांसाहून स्वस्त मिळते, आणि पुष्कळ गिऱ्हाइके ती घेतही नाहीत.

आंबट-गोड फळ मांसमच्छीबरोबर खाणे आपल्यालाही परके नाही. कोकणात माशाच्या कालवणात कोकम पडते, कैरी पडते. गोव्यात आंबाडे आणि बिंबले पडतात. बडोद्याच्या श्रोत्यांना पारशी घरांतील जर्दाळू घातलेले मटण ठाऊक असेलच. कलेजीही आपल्या ओळखीची. नाताळात गोव्याच्या ख्रिस्ती घरांत जे सोरपोतेल शिजते, त्यात डुकराच्या मांसाबरोबर कलेजी असल्यावाचून ते सोरपोतेल होत नाही, आणि त्याचा जडपणा तोडावयास व्हिनेगर असते. फळाचे काम तेच आहे. कलेजी आणि लोणी ही दोन्ही जिभेवर बसून राहणारी द्रव्ये. द्राक्षाचा एक मणी फुटला, की जीभ धुऊन निघते आणि दुसरा घास पहिल्यासारखा लागतो. दुधातुपाच्या पदार्थाबरोबर आंबट फळ खावे काय, असा प्रश्न कोणी आयुर्वेदाच्या आधारे विचारील. तो वाद मी वैद्यांच्या स्वाधीन करतो.

अर्धा किलो कलेजी घ्यावी. तिला फार हाताळू नये, नळाखाली धुऊ नये. कच्च्या कोंबडीचे शिंतोडे ओट्यावर उडविण्यापलीकडे त्याने काही साधत नाही. प्रत्येक कलेजीच्या दोन पाकळ्या असतात व त्यांना जोडणारा एक पांढरा दोरा असतो, तो कापून टाकावा. कोठे हिरवट डाग दिसला तर तो भाग निर्दयपणे काढावा. तो पित्ताचा डाग होय, आणि एकही राहिला तर सारी मूस कडू होते. फ्रेंच स्वयंपाकी यानंतर कलेजी तास-दोन तास दुधात बुडवून ठेवतात. तिचा उग्रपणा त्याने उतरतो असे ते मानतात. मी ठेवतो. नाही ठेवली तरी अडत नाही. मात्र ते दूध टाकून द्यावे आणि कलेजी कागदाने टिपून कोरडी करावी, कारण ओली कलेजी परतली जात नाही, आपल्याच पाण्यात उकडली जाते.

पसरट कढईत पन्नास ग्रॅम लोणी तापवून त्यात दोन-तीन छोटे कांदे अगदी बारीक चिरून मऊ होईतो परतावेत. रंग येऊ देऊ नये. लसणीची एक पाकळी पुरे. थाईमची काडी मिळाली तर घालावी. न मिळाल्यास आपले तमालपत्र घालून ती भरपाई होईल असे समजू नये. युरोपीय पाकपुस्तकांतील तमालपत्र हे निराळ्याच झाडाचे पान आहे, आणि आपल्या पानाचा वास दालचिनीकडे झुकतो. त्यापेक्षा जायफळाची चिमूट बरी. मग आच वाढवून कलेजी दोन-तीन हप्त्यांनी टाकावी. सगळी एकदम टाकली तर कढई थंडावते आणि पाणी सुटते. दोन्ही बाजूंनी तांबूस झाली, की सर्व कलेजी पुन्हा एकत्र करून कढई शेगडीवरून खाली घ्यावी व तीन मोठे चमचे ब्रँडी ओतावी. खाली घ्यावी हे मुद्दाम सांगतो, कारण ज्योतीवर ओतलेली ब्रँडी भडकते आणि भुवया जळतात. गोव्यातील श्रोत्यांना काजूची फेणी घालून पाहण्याचा मोह होईल. तो आवरावा, फेणीपुढे कलेजीचे काही चालत नाही. गोव्यात सर्रास मिळणारी पोर्ट वाइन मात्र उत्तम. ज्यांना मद्य वर्ज्य आहे त्यांनी सफरचंदाचा रस आणि चमचाभर व्हिनेगर घालावे. मग झाकण ठेवून मंद आचेवर कलेजी पूर्ण शिजू द्यावी.

या 'पूर्ण' शब्दापाशी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण आजच्या भाषणास मी होकार दिला तो बराचसा यासाठीच. माझ्या आईने ऐंशी ओलांडली आहे. दात गेले, कवळी तिला सोसली नाही, आणि जन्मभर मटण आवडीने खाणारी बाई पेज-भातावर येऊन ठेपली. वृद्ध माणसाचा आहार असा आकसला, की पाठोपाठ अंगातली शक्ती आकसते, हे पुष्कळांनी आपल्या घरी पाहिले असेल. कलेजीची मूस तिला चावावी लागत नाही. पावाच्या मऊ भागावर लावून ती सावकाश खाते. तिने तिचे नाव 'कलेजीचे श्रीखंड' असे ठेविले आहे. शंभर ग्रॅम कच्च्या कलेजीत सुमारे नऊ मिलिग्रॅम लोह असते. वृद्धांसाठी याहून सोयीचे मांसान्न मला ठाऊक नाही.

आणि नेमके यांच्याच बाबतीत ते धोक्याचे ठरू शकते. जुनी पाकपुस्तके एकमुखाने सांगतात, की कलेजी आत गुलाबी असतानाच उतरावी. पूर्ण शिजली तर ती रवाळ होते. चवीच्या दृष्टीने ते खोटे नाही. परंतु कोंबडीच्या कलेजीत कॅम्पिलोबॅक्टर नावाचे जंतू केवळ पृष्ठभागावर नव्हे, तर आतल्या गाभ्यातही असू शकतात. इंग्लंड व वेल्समध्ये अशा अर्धकच्च्या कलेजीच्या पदार्थांमुळे झालेल्या जुलाब-तापाच्या साथींची नोंद आहे. २००७ ते २००९ या वर्षांत त्यांचे प्रमाण वाढले, आणि त्यांतील पुष्कळ साथी हॉटेलांतील व समारंभांतील जेवणांनंतरच्या होत्या. धडधाकट माणूस चार दिवसांत उठून बसतो. ऐंशीच्या घरातील माणूस उठेलच असे नाही. कलेजीचा गाभा ७० अंश सेल्सिअस उष्णतेस पोहोचून निदान दोन मिनिटे तेथे राहिला पाहिजे. टोचण्याचा तापमापक आता फार महाग राहिलेला नाही, तो घ्यावा. नसेल तर सर्वांत जाड तुकडा मधोमध कापावा. आत गुलाबी रंग दिसता कामा नये आणि सुटणारा रस स्वच्छ असावा. रवाळपणाची भीती बाळगू नये. तो घालविण्यासाठी चाळणी आहे, लोणी आहे.

गर्भवती स्त्रियांनी मात्र ही मूस खाऊ नये, पूर्ण शिजविलेलीसुद्धा. कलेजीत अ जीवनसत्त्व इतके असते, की ते गर्भास अपायकारक ठरू शकते. शिवाय लिस्टेरिया नावाचे दुसरे जंतू शीतकपाटाच्या थंडीतही वाढतात, आणि ते गर्भवतीस विशेष घातक आहेत.

कलेजी कोमट झाली, की कढईतील सर्व रसासह यंत्रात वाटावी. मीठ आणि मिरपूड या वेळी घालावी, आणि जिभेला किंचित जास्त वाटेल अशी घालावी, कारण थंड पदार्थात मीठ दबते. वाटता वाटता दीडशे ग्रॅम मऊ लोणी तुकड्यातुकड्यांनी घालीत जावे. बिनमिठाचे लोणी, वितळलेले नव्हे. बोट रुतेल इतपत मऊ. येथे उष्णतेचा हिशेब सांभाळावा लागतो. मिश्रण कढत असेल तर लोणी वितळून तुपासारखे वेगळे तरंगते. फार गार असेल तर त्याचे कण होतात. हाताला कोमट लागेल तोच योग्य क्षण. मग हे मिश्रण चाळणीतून गाळून घ्यावे. फ्रेंच माणूस त्यासाठी ताणलेल्या जाळीची चाळण वापरतो. आपल्याकडे पुरणयंत्र आहे. बारीक छिद्रांची जाळी लावून एकदा फिरवावे आणि नंतर सपिटाच्या चाळणीतून घासून घ्यावे. मात्र हे पुरणयंत्र स्वतंत्र असावे. होळीच्या पोळ्यांचे पुरणयंत्र या कामी शेजारणीकडे मागावयास जाऊ नये, एवढा सल्ला मी स्नेहभावाने देतो.

येथवर जे झाले ते उत्तम वाटण. मूस अजून नाही. मूस होते ती हवेने. दीडशे मिलिलिटर क्रीम गार भांड्यात, गार रवीने किंवा तारेच्या घोटणीने, मऊ शिखरे उभी राहीपर्यंत फेटावी. घरची साय या कामाची नाही. ती तापविलेल्या दुधाची असते, फेटता फेटता तिचे लोणी होऊन बसते. बाजारातही दोन तऱ्हेची क्रीम मिळते. जिच्यात स्निग्धांश पंचवीस टक्क्यांच्या आसपास असतो ती कढी-भाजीत घालावयास ठीक, पण तिचा फेस टिकत नाही. तीस टक्क्यांहून अधिक स्निग्धांशाची पाहून घ्यावी. फेटताना स्निग्ध कण हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना चिकटून त्यांस भिंत घालतात, आणि ते थंडीतच घडते. उन्हाळ्यात भांडे बर्फावर ठेवावे. ही फेटलेली क्रीम पूर्ण निवालेल्या वाटणात हलक्या हाताने, खालून वर घेत मिसळावी. ढवळू नये, ढवळले की हवा गेली. क्रीमऐवजी चक्का घालून पाहणारे मी पाहिले आहेत. ते खाण्यास वाईट नव्हते, पण त्यास मूस म्हणवत नाही.

मातीच्या किंवा काचेच्या लहान भांड्यांत भरून, वरून पातळ साजूक तुपाचा थर ओतावा. फ्रेंच लोक यासाठी लोणी कढवून निथळतात, म्हणजे तूपच करतात. हवा लागली की कलेजीचा रंग काळवंडतो. तूप तेवढे रोखते. तुपाखाली पदार्थ बाहेरही टिकेल, असे मात्र कोणी समजू नये. शीतकपाटात, पाच अंशांच्या आत, रात्रभर ठेवावी आणि दोन दिवसांत संपवावी. आमच्या भागात उन्हाळ्यात वीज तास-तासभर जाते. अशा दिवसांत ही मूस करूच नये, हे माझे स्पष्ट मत आहे. बर्फासारखी गोठवून ठेवण्याचाही उपयोग नाही, फेस मोडतो.

कलेजीऐवजी उकडलेली कोंबडी किंवा हॅम घेऊन जी मूस करतात, ती अंगची घट्ट होत नाही. तिला जिलेटिनचा आधार द्यावा लागतो. जिलेटिन हे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढतात, हे पाहुण्यांना विचारण्यापूर्वी ध्यानी घ्यावे. या मुशीत फळांचे तुकडे मिसळावयाचे असतील तर एक मौज ध्यानात ठेवावी. पपई, अननस, किवी आणि आपले ते अंजीर, या फळांच्या ताज्या रसात प्रथिने तोडणारी द्रव्ये असतात. कच्ची पपई लावल्याने मटण मऊ होते ते याच गुणाने. जिलेटिन हेही प्रथिनच. त्यात ताजा अननस घातला, की साचा सकाळपर्यंत पातळच राहतो. फळ शिजविले म्हणजे हा गुण नष्ट होतो, म्हणून डबाबंद अननस चालतो. ताजे फळ हवे असेल तर ते मुशीत न घालता मुशीशेजारी ठेवावे.

कोणते फळ ठेवावे? जानेवारीपासून नाशिकची द्राक्षे येतात. बिनबियांची, जरा आंबटच बघून घ्यावीत आणि उभी दुभागावीत. पुरंदरचे अंजीर उन्हाळ्यात मिळाले तर दुसरे काही शोधू नये. पिकलेले नाशपती, करकरीत सफरचंदाच्या पातळ चकत्या, संत्र्याच्या सोललेल्या फोडी, डाळिंबाचे दाणे, हे सारे चालते. कलिंगड नको, त्याचे पाणी ताटभर होते. केळे आणि चिकू नकोत, मऊवर मऊ कशाला? हापूस आंब्याविषयी माझे मत रत्नागिरीकरांना रुचणार नाही, पण सांगतो : हापूस दुसऱ्या कोणाला बोलू देत नाही. त्यापेक्षा अर्धवट पिकल्या कैरीचे दोन काप मीठ लावून ठेवावेत.

वाढण्यापूर्वी पाऊण तास फळे शीतकपाटातून बाहेर काढावीत. मूस मात्र आयत्या वेळी काढावी. वरचे तूप बाजूला सारून, गरम पाण्यात बुडविलेल्या चमच्याने ती उचलावी. पाव जाडसर कापून भाजावा. गोव्यातील कोंड्याची पोई मिळाली तर ती आडवी चिरून, कुरकुरीत भाजून घ्यावी. अंजीर देठाकडून उभे-आडवे चिरावे, तळाशी तुटू देऊ नये, आणि खालून चिमटीने दाबून फुलासारखे उघडावे. त्यावर मिरपूड दोन बोटांत मावेल तेवढी. वृद्धांच्या ताटात अंजिराची साल काढून वाढावी, आणि पाव न भाजता.